सत्तेचाळीस नंबरचं टेबल

मावशींचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. शिंप्याने पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा त्याला वाटलं, बाई वाकड्या उभ्या आहेत. "जरा सरळ उभ्या राहा हो," तो म्हणाला. मावशी सरळच उभ्या होत्या. मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये, कट्ट्यामागे, हातात मोठी पळी घेऊन एकतीस वर्षं वाढलं की माणूस एवढाच सरळ उभा राहतो.

दोनशे चाळीस मुली, दोन वेळा. कोणाला भात कमी लागतो, कोण परीक्षा आली की जेवणावर रुसते, घरून फोन आला की कोण दोनदा मागून घेते, सगळं मावशींना तोंडपाठ. हात असा बसलेला, की तराजू आणला असता तर तराजूच चुकला असता. मुलींची जेवणं उरकून शटर खाली आलं की मग मावशी जेवायच्या. पातेल्याच्या तळाला जे खरवडून निघेल ते, स्टीलच्या टेबलाला टेकून, उभ्याने, गार. मग घरी जाऊन पुन्हा वाढायचं, ते वेगळंच. वाढणारा आपला असला की शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतं, असं लोक म्हणतात. खरं आहे. पण वाढणाऱ्याने कुठल्या पंगतीला बसायचं, ते काही त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

त्या रिटायर झाल्या त्या दिवशी मेसने त्यांना जेवण दिलं. खुर्चीला फुलं बांधली होती. रेक्टरबाईंनी भाषण केलं, "आज मावशी आपल्या पाहुण्या." टाळ्या वगैरे झाल्या. आणि नवीन वाढपीण आलीच नाही. दोनशे चाळीस मुली ताटं घेऊन रांगेत, पातेली कट्ट्यावर, पळी पातेल्यात. कोणीतरी म्हणालं, "मावशी, फक्त आजच्या दिवस हं." झालं! फुलांची खुर्ची रिकामी राहिली आणि मावशींनी आपल्याच निरोपाचं जेवण आपल्या हाताने वाढलं. घरात हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. सगळ्यात रंगवून सांगतात ते त्यांचे यजमान. मावशीही हसतात. हसण्यावारी नेलं म्हणजे लागत नाही, असं थोडंच आहे?

यजमान म्हणजे गोदामाचे रिटायर्ड स्टोअरकीपर. उभ्या आयुष्यात हाताखाली चार हमाल होते, त्यामुळे इकडची काडी तिकडे करायची सवय राहिली नाही. चार हमाल सुटले, मावशी राहिल्या.

तर परदेशातल्या मुलाने तिकिटं पाठवली. सात दिवस मोठ्या जहाजावर. "आई, स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, नुसतं बसायचं." तिकिटं तीन होती. तिसरं आत्याचं, म्हणजे मावशींच्या नणंदेचं. त्या एकट्या, आणि गुडघ्यांनी अधू.

तिकिटांबरोबर एक पुस्तिका आली होती. समुद्राचे फोटो, पोहण्याचा तलाव, गाणारी मंडळी. मावशींनी ते सगळं उलटून टाकलं आणि एका पानाशी थांबल्या. जहाजाच्या खालच्या मजल्यावरचा हॉल. पांढरं टेबलपोस. खुर्चीत एक बाई आरामात बसली आहे आणि वेटर किंचित वाकून तिला काहीतरी विचारतो आहे. त्या पानात मावशींनी कागदाची खूण घालून ठेवली.

जहाजावर पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी सांगून टाकलं, "अहो, मला खाली हॉलमध्ये जेवायचंय. बसून. कोणीतरी येऊन विचारावं, काय घ्याल म्हणून. बाकी मला काही नको."

आता याहून स्पष्ट माणसाने काय बोलायचं?

"छे गं," स्टोअरकीपर म्हणाले. "तिथे कोट लागतो. पाच-पाच काटे, पाच-पाच चमचे. दोन तास बसवून ठेवतात. आणि टेबल कुठे मिळतंय? आपल्यासारख्यांना कोण देतंय टेबल? त्यापेक्षा वर बुफे आहे. झकास! हवं ते घ्या, हवं तिथे बसा."

"मला तर बाई ताटकळत बसवतच नाही," नणंदबाई म्हणाल्या. "आपलं बुफेच बरं."

दोनास एक. निकाल लागला.

बुफे म्हणजे मोकळीक, यात वाद नाही. फक्त ती कोणाला, एवढंच विचारायचं. नणंदबाईंचे गुडघे, म्हणून त्या खिडकीपाशी बसल्या. त्यांना सोबत हवी, म्हणून त्यांचे भाऊ बसले. मग सुरू झालं. "अगं, जरा ते सूप बघ गं." "वहिनी, पाव जरा मऊसा बघून आणा." "अगं, हे गार आहे, जरा बदलून आण." दोघं बहीणभाऊ उंटावरून शेळ्या हाकत होते आणि मावशी ताटं घेऊन गर्दीतून वाट काढत होत्या. पहिल्या संध्याकाळी त्या अकरा वेळा उठल्या. बाराव्यांदा बसल्या तेव्हा त्यांच्या ताटातला मासा दगड झाला होता. त्यांनी तो खाल्ला. गार खायची सवय होतीच.

असे सहा दिवस. रोज संध्याकाळी त्या एकदा विचारायच्या, "आज खाली बघायचं का?" रोज तेच उत्तर. चौथ्या दिवशी स्टोअरकीपर वैतागले, "तुझं आपलं एकच पालुपद! एवढं ताजं-ताजं समोर मांडलंय, हात आहेत, घ्यायचं आणि खायचं. लोकांनी पुढेपुढे करायला आपण काय राजे-महाराजे?" त्यांच्यापुढची चारही ताटं मावशींनी आणलेली होती.

सहाव्या दिवशी तर कहर झाला. सुपाच्या पातेल्यापाशी उभा असणारा माणूस काही आणायला आत गेला होता. पळी पातेल्यात, मागे रांग. मावशींनी आपल्या वाडग्यात सूप घेतलं, तोवर शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपला वाडगा पुढे केला. मावशींनी तो भरला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. पातेल्याची कड, पळीची दांडी, पुढे येणारे वाडगे, हाताने काही विचारलंच नाही. बारा-चौदा जणांना वाढून झाल्यावर तो माणूस परत आला आणि ओशाळून पळी मागायला लागला, तेव्हा कुठे मावशी भानावर आल्या.

खिडकीपाशी स्टोअरकीपर मागे वळून पोट धरून हसत होते. "बघितलंत ताई? घरच्यासारखी रमली! हिला इथेच नोकरीला ठेवा म्हणावं!" लगेच मुलाला व्हिडिओ कॉल लावून तो किस्साही सांगून झाला. निरोपाच्या जेवणाच्या किस्स्याला जोडीदार मिळाला. त्या दिवशी मावशी हसल्या नाहीत. कोणाच्या लक्षात आलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी सामान आवरायचं होतं. ते कोणी आवरलं, हे वेगळं सांगायला नको. स्टोअरकीपर पलंगावर पाय पसरून टीव्ही बघत होते, नणंदबाई शेजारच्या खुर्चीत पाय शेकत होत्या. यजमानांचा पहिल्या दिवशीचा शर्ट घडी करताना खिशात काहीतरी कडक लागलं. जाड कागदाचं कार्ड. मावशींनी चष्मा लावला.

"आपले स्वागत. आपल्या तिघांसाठी खालच्या भोजनगृहात टेबल क्रमांक ४७ सातही दिवस राखून ठेवले आहे. वेळ सायंकाळी सात. नीटनेटका पोशाख पुरेसा."

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"कुठे होतं? हां, ते." स्टोअरकीपर टीव्ही दिसावा म्हणून एका बाजूला झुकले. "पहिल्याच दिवशी दिलं होतं दारात."

"तुम्ही म्हणालात टेबल मिळत नाही."

"अगं, म्हटलं कशाला उगाच डोक्याला ताप. तिथे जाऊन काटा-चमचा धरता आला नसता म्हणजे? चारचौघांत शोभा झाली असती."

"कोणाची?"

"तुझीच की!"

सहा दिवस हा माणूस बुफेच्या सगळ्या गर्दीकडे पाठ करून का बसत होता, ते आत्ता मावशींना कळलं. मासा चमच्याने तोडताना तो ताटाबाहेर उडत होता, तेही आठवलं. मावशींना काय काटा धरता येत नव्हता? मेसमध्ये परदेशी मुली यायच्या, त्यांचं बघून बघून मावशी केव्हाच शिकल्या होत्या. त्यांनी यांनाही शिकवलं असतं. केबिनचं दार लावून शिकवलं असतं, कोणाला पत्ता लागू दिला नसता. नुसतं सांगायचं होतं.

"तुम्हाला भीती वाटत होती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला. आणि नाव माझं."

"आवाज खाली," स्टोअरकीपर म्हणाले.

मावशींनी बॅगेच्या तळाचे नवे कपडे काढले, केस विंचरले आणि पावणेसातला कार्ड हातात घेऊन दाराशी आल्या. भावाबहिणीने एकमेकांकडे पाहिलं.

"वहिनी," नणंदबाई घाबऱ्या घाबऱ्या म्हणाल्या, "मग आमचं कोण आणणार?"

मावशींनी दार ओढून घेतलं.

खालच्या हॉलच्या दारातल्या माणसाने कार्ड पाहिलं आणि त्यांना थेट आत नेलं. खांबाजवळ, खिडकीला लागून सत्तेचाळीस नंबर. तीन खुर्च्या, तीन ताटल्या, तीन घडीचे रुमाल. जवळ उभा असलेला वेटर पन्नाशीचा असेल. त्याचा डावा खांदा खाली होता. ट्रेचा खांदा. मावशींनी तो पहिल्या नजरेत ओळखला.

"आलात!" तो म्हणाला. खोटं नाही, त्याचा चेहरा उजळलाच. "मला वाटलं, कोणी आजारी आहे की काय. रोज मांडत होतो."

"रोज?"

"रोज. साडेआठपर्यंत वाट बघायची आणि मग उचलायचं. तसा नियमच आहे."

मेसमध्ये उशिरा येणाऱ्या मुलींची ताटं मावशी झाकून ठेवायच्या. कोणी आलंच नाही की ते झाकण काढताना कसं वाटतं, ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. आणि इथे सहा संध्याकाळी कोणीतरी त्यांचं ताट मांडून वाट बघत होतं, आणि त्या वरच्या मजल्यावर लोकांना सूप वाढत होत्या.

त्याने खुर्ची ओढली. मावशी अर्ध्या खुर्चीवर टेकल्या. त्याने पदार्थांची यादी पुढे ठेवली आणि किंचित वाकला. अगदी त्या फोटोतल्यासारखा.

"काय घ्याल?"

या दोन शब्दांसाठी बाई सात दिवस झुरली होती. सात कसले, एकतीस वर्षं. आणि तोंडातून काय निघावं?

"जे उरलं असेल ते."

वेटर गोंधळला. "अहो, अजून कोणी जेवलेलंच नाही. सगळं आहे."

मावशींनी यादी वाचली. वरून खाली, मग खालून वर. यांना काय आवडतं ते माहीत होतं, वन्संना काय पचतं ते माहीत होतं. दोनशे चाळीस मुलींच्या आवडी माहीत होत्या, त्यातल्या काही आता आज्या झाल्या असतील. स्वतःच्या आवडीशी आल्या आणि हात रिकामा. आवडायला आधी समोर दोन गोष्टी असाव्या लागतात. त्यांच्यापुढे कायम एकच होती, उरलेली.

"तुम्ही त्या टेबलांचं बघा आधी," त्या म्हणाल्या. "त्यांचं सूप गार होईल." तो गेला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. चिडला मात्र नाही. तिसऱ्या वेळी मावशींनी डोळे झाकल्यासारखं करून एका ओळीवर बोट ठेवलं.

ताट आलं तेव्हा त्यातून वाफ निघत होती. घट्ट पांढऱ्या रश्शातलं काहीतरी, वर हिरवी पानं. मावशींनी काटा नीट धरला, पहिला घास घेतला. दुसरा घेतला. वेटर जरा लांब उभा राहून बघत होता.

"कसं आहे?"

"गरम आहे," मावशी म्हणाल्या. मग थोडा विचार केला. "पण मला आवडलं नाही."

बोलल्यावर त्या स्वतःच दचकल्या. त्रेसष्ट वर्षांत हे वाक्य त्यांनी जेवताना कधी उच्चारलं नव्हतं. त्यात एवढी मजा आहे, हे माहीतच नव्हतं. "नाही आवडलं," त्या परत म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "फार गोडसर आहे. मला जेवणात गोडसर आवडत नाही वाटतं!"

"दुसरं आणू?"

पण ताट टाकायची सवय नव्हती. त्यांनी ते सगळं संपवलं होतं आणि आता पोटात जागा नव्हती.

"काही हरकत नाही," वेटर ताटली उचलत सवयीने म्हणाला. "उद्या दुसरं मागवून बघा."

उद्या सकाळी आठला जहाज धक्क्याला लागणार होतं.

"सात दिवस होते हो," मावशी म्हणाल्या. "रोज एक म्हटलं तरी सात झाले असते. त्यातलं एखादं तरी आवडलं असतं मला."

वेटरने उरलेल्या दोन कोऱ्या ताटल्या उचलल्या. मावशींनी न वापरलेले काटे-चमचे गोळा करून त्याच्या हातात दिले आणि उठल्या.

केबिनमध्ये दोघं उपाशी बसले होते. "तुझ्यासाठी थांबलो," स्टोअरकीपर म्हणाले. "झाली का हौस? आवडलं का काही?"

"नाही," मावशी खरं ते बोलल्या.

"बघ! मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो?"

"वहिनी, वरचं अजून चालू असेल," नणंदबाई म्हणाल्या, "जरा..."

"वर आत शिरलं की ताटं डाव्या हाताला असतात," मावशी म्हणाल्या, आपल्या पलंगावर आडव्या झाल्या आणि भिंतीकडे वळल्या. थोड्या वेळाने स्टोअरकीपर चपला फरफटत एकटेच वर गेले.

सकाळी डेकवर सामान घेऊन सगळे रांगेत उभे होते. मुलाचा फोन आला. स्टोअरकीपरांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"फर्स्ट क्लास झालं सगळं! फक्त तुझ्या आईला काही तो खालचा हॉल आवडला नाही बरं का. जाऊन आली काल. तिला आपलं बुफेच आवडतं."

"बरं झालं सांगितलंत, बाबा," मुलगा पलीकडून म्हणाला. "आईला काय आवडतं, ते मला कधी कळतच नाही. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन. बुफेच घेऊ."

रांग पुढे सरकली. मावशींनी नणंदेची पिशवी डाव्या हातात घेतली, मोठी बॅग उजव्या खांद्याला अडकवली. ती घसरली. खांदाच खाली होता. त्यांनी ती पुन्हा वर ओढून घेतली.