पासपोर्टवर मिशी आणि मी साडीत

मैत्रिणींनो, मुंबई विमानतळावर गेटपाशी बसून लिहितेय. हसू आवरत नाहीये!

आज पहिल्यांदाच लोणावळ्याच्या घरातून साडी नेसून निघाले, तेही थेट सिंगापूरला. पासपोर्टवर मात्र नाव राजेंद्र आणि फोटोत जाड मिशी. टॅक्सीवाले भाऊ आंदर मावळातले. बॅग उचलत म्हणाले, "मावशी, तुमी बसा, मी ठेवतो." तिथेच अर्धी भीती पळाली.

पण इमिग्रेशनच्या काउंटरवर ती दुप्पट होऊन परत आली. अधिकाऱ्याने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, घाईत मिस्टरांचा पासपोर्ट आणलात."

मी माझ्या खऱ्या, जाड आवाजात म्हणाले, "नाही सर, तो मीच."

मग त्याने एका वरिष्ठ बाईंना बोलावलं. त्यांनी मला चष्मा काढायला लावला, भुवईवरचा व्रण फोटोशी ताडून पाहिला, बोटांचे ठसे घेतले.

"कुणाकडे जाताय?"

"धाकट्या बहिणीकडे. ती म्हणाली, येशील तर साडीतच ये."

"आणि नेसवली कुणी?"

"माझी मीच."

बाई माझ्या निऱ्यांकडे बघतच राहिल्या. मग शिक्का मारत म्हणाल्या, "मला अजून अशा जमत नाहीत. जा, बहीण वाट बघत असेल."

डोळ्यांत पाणीच आलं. काजळ पसरलंय, पसरू दे.

तुमच्यापैकी कुणी असा प्रवास केलाय का? "हा फोटो कुणाचा?" असं विचारल्यावर तुम्ही काय सांगितलंत?