दगाजीभाऊंची सहल

सुरत स्टेशनच्या चौकशी खिडकीवर गाडीची वेळ विचारली, की दगाजीभाऊ वेळ सांगत आणि वर शहरही सांगत. एक्क्याण्णव साली मी माहेरी नंदुरबारला निघाले होते. भुसावळ पॅसेंजर तीन तास उशिरा होती. जाड भिंगाच्या चष्म्यातून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, तीन तास बाकड्यावर बसून काय करणार? सामान ठेवा क्लोकरूममध्ये. कतारगाम दरवाज्याला रिक्षा करा. इंग्रजांच्या कबरी आहेत तिथं, महालासारख्या. बघून या."

मागची रांग कुरकुरायला लागली. "काका, जल्दी करो ने!" असं कुणीतरी ओरडलं. दगाजीभाऊंवर काही परिणाम झाला नाही. "बिचारे सात समुद्र ओलांडून इथं मरायला आले," ते मला म्हणाले, "आणि आपण साधं रिक्षानं बघायला जात नाही!"

सुरतेत लग्न होऊन येऊन मला सात वर्षं झाली होती आणि त्या कबरी मी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी गेले. परत आले तेव्हा त्यांनी खिडकीतूनच विचारलं, "घुमटावर चढलात की खालूनच आलात?" मी खालूनच आले होते. त्यांनी मान हलवली, वर्गात उत्तर चुकल्यावर मी मुलांकडं बघून हलवते तशी.

दगाजी शिरसाठ हे त्यांचं पूर्ण नाव. खानदेशात मूल जगावं म्हणून दगा, भिका, धोंडू अशी नावं ठेवतात, त्यातलं ते. "नाव दगाजी, पण गाडीच्या वेळेत कधी कुणाला दगा दिला नाही," असं ते स्वतःच सांगत. दोंडाईच्याच्या पुढं, तापीच्या काठावर त्यांचं गाव. वडील गावकीचं काम करायचे, आणि वेशीच्या आत कुठपर्यंत यायचं, ते ठरलेलं होतं. दगाजीभाऊ बाबासाहेबांचा फोटो पेटीत घालून रेल्वेत लागले, सुरतेला आले आणि नवागामला दोन खोल्यांत राहिले. घरी अहिराणी, खिडकीवर हिंदी, चहाच्या टपरीवर गुजराती आणि माझ्याशी बोलताना शाळेतली मराठी. चारही भाषांत ते एकच गोष्ट सांगत, "गाडी चुकली तरी चालेल, गाव चुकवू नका."

पुढं कळलं, की ते एका पर्यटन मंडळाचे चिटणीस आहेत. मंडळ म्हणजे आठ-नऊ माणसं आणि साडीच्या दुकानावरची एक खोली. प्रमुखपदी दुकानाचे मालकच होते. हारतुऱ्यांच्या वेळी ते वर येत, एरवी खाली गिऱ्हाईक बघत. दर महिन्याला चार पानांचं वार्तापत्र निघे, तीन पानं गुजराती आणि एक मराठी. ते मराठी पान माझ्याकडं आलं, कारण मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका आणि माझं अक्षर बरं. दगाजीभाऊ सांगत, मी लिहीत असे. 'डुमसच्या किनाऱ्यावर बाकडी बसवण्यासाठी मंडळाने अर्ज केला आहे.' पुढच्या महिन्यात, 'बाकड्यांच्या अर्जाचे स्मरणपत्र देण्यात आले आहे.' डच लोकांच्या कबरस्तानाबाहेर मंडळानं एक पाटी लावली, ती पंधरा दिवसांत कुणीतरी उपटून नेली. तीही बातमी आम्ही छापली. भाऊ म्हणाले, "लिहा, 'पाटी लोकांच्या पसंतीस उतरली आहे.'"

हसायचो आम्ही. पण त्यांना एक गोष्ट मनापासून करायची होती. त्यांच्या गावातली माणसं जन्मभर तापीत धुतात, पोहतात, शेवटी तिच्याच काठावर जळतात. पण ती पुढं कुठं जाते, हे त्यांच्यातल्या एकानंही पाहिलेलं नव्हतं. भाऊंना त्यांना डुमसला आणून ती समुद्रात मिसळते ते दाखवायचं होतं. मंडळाची पहिली सहल! तीन वर्षं ते प्रत्येक सुट्टीत गावात जाऊन लोकांच्या मागं लागत होते.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्याअखेरीला बावीस माणसं तयार झाली. सगळ्यात शेवटी तयार झाली ती त्यांची थोरली बहीण, कौतिकबाई. आई लवकर गेल्यामुळं तिनंच त्यांना वाढवलं होतं. ती म्हणे, "माले कसाले दर्या? मना आड बरा." भाऊ तिच्या ओसरीवर दोन दिवस हटून बसले, तेव्हा कुठं तिनं लुगडं पिशवीत घातलं.

सप्टेंबरात पूर आला. वस्त्यांत चिखल आणि मेलेली जनावरं. मी म्हणाले, "भाऊ, दिवाळीनंतर आणा ना सगळ्यांना."

"बाई, तीन वर्षांनी जुळलंय. दिवाळीनंतर कापूस येतो, मग कोण निघतंय? पाणी तर ओसरलं की."

माझ्या मनात रोगराईची काही शंका होती असं नाही. चिखलातून म्हाताऱ्या माणसांना कसं नेणार, एवढंच मला वाटत होतं.

गणपती बुडाल्यावर ती माणसं आली. दुसऱ्या दिवशी डुमसला मीही गेले होते. कौतिकबाई नऊवारी घोट्यापर्यंत उचलून पाण्यात उभी राहिली. लाट आली की मागं सरायची, गेली की पुढं व्हायची. मग ओंजळीत पाणी घेऊन तिनं चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "इतली गोड नदी, आन् आठे यीसन खारी व्हयनी!" भाऊ इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माणूस इतका सुखी झालेला मी फार वेळा पाहिलेला नाही.

परतताना टेम्पोवाला म्हणाला, वेड रोडच्या वस्तीत माणसं पटापट मरताहेत. संध्याकाळपर्यंत 'प्लेग' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला.

सकाळी अख्खं शहर स्टेशनवर आलं होतं. डोक्यावर गाठोडी, तोंडाला रुमाल, ओढण्या. दगाजीभाऊंनी बावीसच्या बावीस माणसं भुसावळ गाडीत कशी चढवली, ते त्यांनाच माहीत. कौतिकबाईला त्यांनी खिडकीतून आत ढकललं. मग ते ड्युटीवर बसले. आम्हीही पळणाऱ्यांतलेच. आमच्या शेजारचा दवाखाना सकाळीच बंद झाला होता, डॉक्टरच गेले होते. दुपारी मी त्यांच्या खिडकीशी पोचले. पुढचा माणूस त्यांना विचारत होता, "गाडी कोणती आहे?"

"कुठं जायचंय?"

"कुठंही."

त्यांनी समोरचं वेळापत्रक त्याच्याकडं वळवलं. माझा नंबर आला तेव्हा म्हणाले, "नंदुरबार, चार नंबर." त्यापुढं एक शब्द नाही.

पुढचं त्यांनी मला दिवाळीनंतर, शाळा उघडल्यावर सांगितलं.

सहल गावी पोचायच्या आत बातमी पोचली होती. गावानं बावीस जणांना घरी जाऊ दिलं नाही, नाल्यापलीकडच्या शाळेत ठेवलं. चार दिवसांनी भुसावळ गाडीच्या गार्डनं भाऊंना चिठ्ठी आणून दिली, 'अक्काला ताप आहे.' प्लेगवरच्या कॅप्सूल बाजारात मिळत नव्हत्या. रेल्वेच्या दवाखान्यातून त्यांनी एक पुडी मिळवली आणि मिळेल त्या गाडीनं गावी गेले.

गावाच्या हद्दीवर सरपंच उभा होता. सोबत भाऊंचा सख्खा चुलतभाऊ, हातात काठी घेऊन. सरपंच म्हणाला, "दगाजी, पाया पडतो तुझ्या. पुढं येऊ नको. गावात लहान पोरं आहेत."

"आमच्या बापालाही वेशीवर थांबवायचे," भाऊ मला म्हणाले, "पण ते पाप होतं, म्हणून त्याच्याशी भांडता आलं. भांडून भांडून आम्ही आत आलो, बाई. याच्याशी कसं भांडू? खरंच पोरं होती हो गावात."

त्यांनी पुडी एका दगडावर ठेवली आणि दहा पावलं मागं सरले. चुलतभावानं ती फडक्यात उचलली. नाल्यापलीकडं शाळेच्या ओट्यावर कौतिकबाई गोधडी पांघरून बसलेली दिसत होती. तिनं त्यांना ओळखलं. एवढ्या लांबून, तापातून तिनं ओरडून विचारलं, "दगू, जेवना का रे?"

ते आदल्या दिवसापासून उपाशी होते. त्यांनी ओरडून सांगितलं, "हां, जेवनू!"

एवढंच बोलणं. सरपंच हात जोडून उभाच होता. ते परत फिरले. दोन दिवसांनी ती गेली. प्लेगनं गेली, मलेरियानं गेली, की इतके दिवस उघड्या ओट्यावर बसून गेली, कुणी तपासलं नाही. कॅप्सूल तिच्या पोटात गेल्या का, तेही नक्की कळलं नाही. बाकीच्या एकवीस जणांना काहीही झालं नाही.

"मीच त्यासले बलायं," ते म्हणाले. मीच त्यांना बोलावलं, एवढंच. माझ्याशी ते कधी अहिराणीत बोलत नसत. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

दोन महिन्यांनी मंडळाच्या प्रमुखांना एकदम उत्साह आला. सुरत आता सुरक्षित आहे, निर्धास्त या, असा खास अंक काढायचं ठरलं. दगाजीभाऊ शाळा सुटल्यावर माझ्या वर्गात आले, लहान मुलांच्या बाकावर गुडघे वर करून बसले. "लिहा," म्हणाले. मी पेन उघडलं. चष्मा पुसून ते म्हणाले, "काय पाहावं ते लिहूया, बाई. 'या' असं नको लिहायला." मी तसंच लिहिलं. किल्ला कुठं आहे, कबरी कुठं आहेत, डुमसला बस कुठून सुटते. प्रमुखांनी शेवटी 'अवश्य या!' अशी ओळ स्वतः टाकली. छापलेला अंक भाऊंनी वाटला नाही. गठ्ठा बरेच दिवस त्या खोलीत पडून होता, नंतर साड्यांच्या घड्यांत घालायला खाली गेला.

मग शहर झाडून पुसून असं लख्ख झालं, की दुसऱ्या गावांच्या नगरपालिका ते बघायला यायला लागल्या. मंडळाला जन्मात मिळाले नव्हते एवढे पाहुणे मिळाले! भाऊ त्यांना फिरवत. कचऱ्याच्या गाड्या दाखवत, धुतलेले रस्ते दाखवत. एका पाहुण्यानं विचारलं, "तेव्हा तुम्ही इथंच होतात?" भाऊ म्हणाले, "ड्युटीवर होतो," आणि पुढच्या रस्त्याकडं वळले.

सत्त्याण्णवला ते निवृत्त झाले. त्याच सुमारास कौतिकबाईची मुलगी शोभा नवऱ्याबरोबर सुरतेला आली. गावात काम उरलं नव्हतं, नवरा कापडाच्या लूमवर लागला. आई गेल्यापासून ती मामाशी बोललेली नव्हती. तरी खोली मामानंच बघून दिली, आपल्यापासून दोन गल्ल्या सोडून. दर रविवारी ते तिच्याकडं जाऊन बसत. "चहा देते," ते मला सांगत, "पण माझ्याकडं बघत नाही. कप ठेवते आणि आत जाते. तिचं बरोबर आहे, बाई."

शोभा आपल्या मुलीचं नाव घालायला माझ्या शाळेत आली. फॉर्म भरून झाला तरी उठेना. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, मामा तुमच्याकडं येतात ना? त्यांना सांगाल का, की माझ्या मनात आता काही नाही? समोर आले की माझ्या तोंडातून शब्दच निघत नाही."

मी बाई. मुलांनी आपलं आपण बोलावं, असं शिकवण्यात माझं आयुष्य चाललेलं. मी तिला म्हणाले, "हे तुझं तूच सांग, शोभा. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना जास्त बरं वाटेल." मला तो सल्ला फार शहाणपणाचा वाटला होता. त्यानंतर भाऊ दोनदा शाळेत आले, आणि दोन्ही वेळा मी गप्प बसले. वाटलं, येत्या रविवारी बोलेल ती.

पुढच्या थंडीत एका मंगळवारी सकाळी दाढी करता करता दगाजीभाऊ कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

आम्ही नवागामला गेलो. बुद्धवंदना झाली. बाप्ये पुढं निघून गेले, बाया खोलीत बसल्या. शेजारचे लूम चालूच होते, त्यामुळं बोलायला एकमेकींच्या कानाशी जावं लागत होतं. शोभा माझ्याजवळ सरकली. तिचे डोळे कोरडे होते.

"बाई, मला नाही जमलं शेवटपर्यंत," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगितलं असेल ना त्यांना?"

"हो," मी म्हणाले.

"मग? काय म्हणाले?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. काहीही सांगता आलं असतं. हसले म्हणून, रडले म्हणून, तुझं नाव घेतलं म्हणून. एक खोटं बोलून झालं होतं, पण त्यापुढं त्या माणसाच्या तोंडी एक शब्दसुद्धा घालायची माझी हिंमत होईना.

"काही बोलले नाहीत," मी म्हणाले. "नुसते बसून राहिले."

"मामा? आणि बोलले नाहीत?" तिनं विचारलं, आणि माझ्याकडं बघतच राहिली.