मनगटावरचा पिवळा मासा

मी लातूरकडचा, शाकाहारी. बायको रत्नागिरीकडची. घरात मासे असतील त्या दिवशी मी ताट घेऊन गॅलरीत जातो. असं असूनही चाकणजवळच्या कुरुळीत लोक मला ओळखतात ते 'मासावाल्या काकूंचे मिस्टर' म्हणून. कंपनीच्या खरेदी खात्यात निम्मं आयुष्य घालवून जी ओळख मिळाली नाही ती बायकोच्या शिलाई मशीननं मिळवून दिली, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

हा मासा खायचा नव्हे. वेल्डर आणि प्रेसवरचे कामगार ठिणगी किंवा पत्र्याची धार लागू नये म्हणून मनगटापासून कोपरापर्यंत जाड बाह्या चढवतात. बायको त्या जीन्सच्या कापडाच्या शिवते, दोन पदरी. मनगटाकडची बाजू चटकन कळावी म्हणून पहिल्याच जोडीवर तिनं पिवळ्या दोऱ्यानं छोटासा मासा भरला. मला फूल सुचलं असतं. शेपटी जराशी वाकडी झाली, ती तिनं तशीच ठेवली. शिफ्ट सुटली की पोरं दारात येऊन म्हणायची, "काकू, एक जोड मासा."

मी बरेचदा समजावलं. "अगं, धंद्याला नाव भारदस्त पाहिजे. 'सुरक्षा' ठेव. वर ढालीचं चित्र."

"ढाल तुम्ही भरत बसा," ती म्हणायची, आणि मशीन सुरू करायची.

एका संध्याकाळी आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहणारा वेल्डर आला. परभणीकडचा पोरगा, एरवी लाघवी. त्यानं एक जळकी बाही मशीनवर टाकली. हातावर टपोरा फोड होता.

"काकू, हे काय दिलाव वो? ठिणगी आरपार गेली. तुमच्या भरवशावर मी शिफ्टमधल्या समद्यांना हाच मासा घ्यायला लावला. आता समदे मला शिव्या घालायलेत."

बायकोनं बाही उलटी केली. कापड एकपदरी. माशाची वाकडी शेपटीसुद्धा जशीच्या तशी उचललेली. "ही माझी नाही रे."

"मासा तर तुमचाच हाय की."

तिनं कुठून घेतली ते विचारलं. काकूंचाच माल तिथेही मिळतो असं समजून त्यानं ती चाकणच्या एका दुकानातून घेतली होती. पोरगा गेल्यावर तिनं फोडावर लावायचं मलम त्याच्या खोलीवर पाठवलं आणि मशीन कापडानं झाकून ठेवलं.

"ही पोरं मासा बघून आगीत हात घालतात," ती म्हणाली. "तो मासा माझा आहे हे मला सांगता येत नसेल, तर मी शिवणार नाही."

ती बोलते ते करते. मशीन खरंच बंद राहिलं. तेव्हा मी छाती पुढे काढून जाहीर केलं, "ट्रेडमार्क करून टाकू. कागदाचं काम माझ्यावर सोड."

आणि केलंही. संगणकावर अर्ज उघडला, 'कपडे' असा वर्ग दिसला तिथे खूण केली. वर उत्साहाच्या भरात माशाची लेबलं छापून आणली, कोपऱ्यात गोलातला आर. मोठ्या कंपन्यांच्या मालावर असतो, आपल्याही मालावर शोभेल, एवढाच माझा विचार. नशीब, शेवटचं बटण दाबायच्या आधी मुलीनं अडवलं. ती पुण्यात वाकडला आयटीत आहे आणि बापाच्या आत्मविश्वासाला ओळखून आहे. तिनं तिथल्याच एका वकीलबाईंची वेळ घेतली.

वकीलबाई माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी आधी लेबल उचललं. "काका, हे कुठे चिकटवलंत?"

"अजून नाही."

"छान. मग सगळा गठ्ठा रद्दीत. नोंदणी झाल्याशिवाय गोलातला आर लावणं गुन्हा आहे. तोवर नुसतं टीएम लिहा, त्याला कुणी अडवत नाही."

मी गठ्ठा मांडीवर घेतला. मग त्यांनी माझा अर्ज वाचला. "हा वर्गही चुकला. माल आणि सेवा पंचेचाळीस वर्गांत विभागल्यात. शर्ट-पँट पंचविसात येतात. अपघातापासून वाचवणारे कपडे नवव्या वर्गात. तुम्ही पंचविसात नोंदवलं असतं, तर नेमक्या कामाच्या मालाला कवच कच्चं राहिलं असतं."

शेवटचा पत्ता म्हणून मी 'सुरक्षा' टाकला. नाव बदलायचंच असेल तर ही संधी आहे, असं सुचवलं.

"मालाचा गुणच सांगणारा शब्द सहसा एकट्याला मिळत नाही काका, तो सगळ्यांनाच लागतो," त्या म्हणाल्या. "मासा मात्र उत्तम. बाहीचा माशाशी काय संबंध? काहीच नाही. म्हणून तर खूण भक्कम."

बायकोनं माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. तिला तेवढं पुरतं.

मग वकीलबाईंनी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर शोध घेतला, आणि खोलीतली हवा बदलली. नवव्या वर्गात पिवळा मासा आधीच हजर होता. दुसऱ्या कुणीतरी काही महिन्यांपूर्वी अर्ज करून ठेवला होता. वापर केव्हापासून, या रकान्यात गेलं वर्ष.

"म्हणजे संपलं?" बायकोनं विचारलं.

"नाही काकू. आपल्याकडे आधी अर्ज कुणी केला यापेक्षा आधी वापर कुणी केला याला वजन जास्त. पण नुसतं सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. बिलं आणा, जितकी जुनी तितकी बरी."

मी तोंड खिडकीकडे फिरवलं. चलनावर एक सही कमी म्हणून लोकांचे ट्रक गेटवरून परत पाठवणारा माणूस मी. आणि आमच्या घरात इतक्या वर्षांत एक बिल फाडलेलं नव्हतं. दारात पोरं यायची, जोड घेऊन जायची, संपला व्यवहार.

 घरी आल्यावर बायको फोन घेऊन खिडकीशी बसली. जुने मेसेज वर सरकवत म्हणाली, "अहो, खंडेनवमीचे फोटो चालतील का?"

आमच्या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांत मोबाइल गेटवरच काढून घेतात. छोट्या वर्कशॉपमध्येही मशीनपाशी फोटो काढायला मनाई. पण खंडेनवमीला सगळं माफ. मशीन धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून त्यांची पूजा होते आणि प्रत्येक जण आपल्या मशीनपाशी उभा राहून फोटो काढतो. आणि पूजेच्या दिवशी जळकी बाही कोण घालणार? म्हणून त्याच्या आधी बायकोकडे गर्दी उसळते. नवा जोड कुणी हातात चढवतो, कुणी मशीनच्या हँडलवर नारळाशेजारी ठेवतो. मग 'काकू, पूजा झाली' म्हणून फोटो पाठवतो. ती सगळ्यांना अंगठा पाठवते आणि एकही फोटो पुसत नाही.

"चालतील का? धावतील," वकीलबाई फोनवर म्हणाल्या. "पण एखाद-दुसरा नको. दर वर्षाचा हवा. मध्ये खंड दिसला की प्रश्न येतो."

तिच्या फोनमध्ये मधली दोन वर्षं नव्हती. तेव्हा त्या वेल्डरला बोलावलं. खरी गोष्ट कळल्यावर तो आमच्यापेक्षा चिडला होता.

"काकू, तुम्ही काळजीच नका करू. तळेगाव ते चाकण, समद्या ग्रुपवर टाकतो."

फोटोंचा पूर आला. छाननीची जबाबदारी माझ्यावर. अर्ध्या फोटोंत मासा झेंडूखाली. एकात नेमका मनगटापुढे सुपरवायझर उभा. एका गड्यानं मशीन सोडून स्वतःलाच हार घातला होता. पण हळूहळू प्रत्येक वर्षाच्या ढिगात एखादं स्वच्छ मनगट सापडत गेलं. सगळ्यात जुन्या फोटोत मासा इतका ठळक होता की मी, मासा न खाणारा माणूस, खुर्चीतून उठून ओरडलो. बायको पोळ्या टाकून धावत आली. आम्ही दोघं त्या वाकड्या शेपटीकडे बघत राहिलो. तव्यावरची पोळी करपली.

फोटोंना प्रतिज्ञापत्राची जोड देऊन अर्ज गेला, नवव्या वर्गात, बायकोच्या नावानं. अपेक्षेप्रमाणे आक्षेप आला की असा मासा आधीच रांगेत आहे. वकीलबाईंनी लेखी उत्तर दिलं. मग सुनावणी, तीही संगणकावरच. मी इस्त्रीचा शर्ट घालून, भाषण पाठ करून बसलो होतो. वकीलबाईंनी आवाज बंद ठेवायला सांगितलं. बहुधा फक्त मला.

अधिकारी एकेक फोटो बघत गेले. शेवटी त्यांनी इंग्रजीत काही विचारलं आणि वकीलबाईंनी ते बायकोला सांगितलं. "विचारतायत, शेपटी प्रत्येक फोटोत वाकडी का?"

"पहिल्यांदा चुकली," बायको म्हणाली. "मग सरळ केली, तर पोरं म्हणाली हा तुमचा नाही. म्हणून वाकडीच भरते."

अधिकारी पहिल्यांदा हसले. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. थोड्या दिवसांत मासा स्वीकारल्याचं कळलं.

पुढे तो नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापला गेला. कुणाला हरकत असेल तर तिथून चार महिन्यांत घ्यायची. ते महिने मी रोज सकाळी साइट उघडून बघत होतो आणि बायको रोज सकाळी मशीनवर बसत होती. हो, अधिकारी हसले त्याच दुपारी तिनं मशीनवरचं कापड काढलं होतं. हरकत आली नाही. दुसऱ्या अर्जदारानं त्याच्या अर्जावरच्या कार्यालयाच्या आक्षेपांना उत्तरच दिलं नाही, त्याचा अर्ज बाद झाला. आणि आमचं प्रमाणपत्र आलं.

आम्ही स्कूटरवरून थेट चाकणला. दुकानात दोरीवर नकली मासे ओळीनं लटकत होते. मी प्रमाणपत्राची प्रत काउंटरवर ठेवली आणि घसा साफ केला. भाषण अजून शिल्लक होतं.

दुकानदार वाचून पांढरा पडला. "भाऊ, आपल्याला काय माहीत? माल देणारा देतो, आपण टांगतो. आत्ताच्या आत्ता जाळून टाकतो राव."

"जाळताय कशाला?" बायको पुढे झाली. तिनं एक बाही उलटी करून टाके पाहिले, कापड बोटांत चोळलं. "शिलाई वाईट नाही. कापड पातळ आहे, तेवढं वेल्डरला देऊ नका. पॅकिंगवाल्या मुलींना द्या, त्यांना हेच बरं पडेल."

"मग मी हा विकला तर चालेल?"

"बाही कुणीही शिवावी, कुणीही विकावी. मासा उसवा आणि विका."

त्यानं मुकाट्यानं कात्री काढली. एकेक मासा उसवत असताना खालमानेनं विचारलं, "ताई, तुमचा माल कधी टाकताय दुकानात?"

"ते बघू," ती म्हणाली, आणि शेवटचा मासा निघेपर्यंत काउंटरपाशी उभी राहिली.