नाडी नसलेला हात

आमच्या मोठ्या वहिनीला धाकटीचं काही म्हणजे काही सोसत नाही. धाकटीचे केस दाट. हवेशीर खोली धाकटीला. त्यात धाकटीचा नवरा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, स्वतःचा चहा स्वतः करून घेतो. मोठ्या भावाला पातेलं कुठे असतं तेही ठाऊक नाही. वहिनी दिवसभर मशीनवर शाळेचे गणवेश शिवते आणि टाक्याटाक्याला धाकटीचा उद्धार करते.

मग धाकटीच्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, चक्कर यायला लागली. दवाखान्यात कळलं की त्या हाताला नाडीच लागत नाही. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी आतून सुजून बारीक झाली होती. लाखात एखादीला होणारा आजार. रोज सकाळी मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन यायचे आणि एकेक जण धाकटीचं मनगट धरून डोळे मोठे करायचा.

झालं! वहिनीच्या पोटात दुखायला लागलं.

"आजारसुद्धा कसा निवडून घेतलाय बघ बाईने," डबा भरता भरता ती माझ्यावर करवादली. "आम्हाला कोण विचारतंय? मला इतके महिने धडधडतंय, तर म्हणे गॅस."

म्हणायचो खरं आम्ही सगळे. पण वहिनीची आई अशीच धडधडता धडधडता एका बाजूने लुळी पडली आणि मरेपर्यंत अंथरुणावरच राहिली. वहिनीला त्याचीच धास्ती होती. ती सांगायची नाही, धाकटीवर चिडायची.

एका सकाळी आम्ही डबा घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांची फेरी चालू होती.

"बाई, जरा हात द्या तुमचा," मोठे डॉक्टर वहिनीला म्हणाले. "मुलांना आधी चांगली नाडी कळू दे, मग ही."

वहिनी काय खुलली म्हणून सांगू! बांगड्या मागे सारल्या, खुर्ची पुढे ओढली आणि 'बघ, माझी चांगली आहे' अशा थाटात धाकटीकडे पाहिलं. एका विद्यार्थिनीने तिचं मनगट धरलं आणि सोडेचना.

"सर, ठोके अडखळतायत."

लगेच छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. ठोक्यांना ताळतंत्र नव्हतं. अशाने हृदयात गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर लकवा, डॉक्टर म्हणाले. वेळेवर सापडलं, गोळ्या सुरू करू.

"दुर्मिळ असतं का हो हे?" वहिनीने आशेने विचारलं.

"छे, अगदी नेहमीचं."

वहिनीचं तोंड उतरलं.

"आभार यांचे माना," डॉक्टर धाकटीकडे बोट करत म्हणाले. "कालच म्हणाल्या, माझा हात रोज बघता, एकदा ताईंचा बघा. त्यांना धडधडतं, घरात कुणी मनावर घेत नाही. आणि सरळ विचारलंत तर माझ्यासमोर त्या हात द्यायच्या नाहीत."

वहिनी एकदम उसळली. "म्हणजे माझा आजारही हिनेच शोधला! तेही श्रेय हिलाच!"

धाकटी हसली. वहिनी हसली नाही. तिने धाकटीचा डावा हात मांडीवर घेतला, विद्यार्थ्यांसारखी तीन बोटं मनगटावर ठेवली आणि बराच वेळ चाचपत राहिली.

"काहीच लागत नाही गं," ती म्हणाली, आणि भर वॉर्डात हमसून रडायला लागली.