साडूंचा फेरा

आमच्या साडूंइतका रागीट माणूस उभ्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि हे मी त्यांच्यावर रागावूनच लिहितो आहे. लोक बांधावरून रागावतात, भावकीवरून रागावतात. आमचे साडू रागावतात ते कुणी खाली वाकलं की. गुडघे ताठ ठेवून नुसत्या कंबरेतून वाकून कुणी काही उचललं, की यांचं डोकं फिरलंच. वडवणीच्या बाजारात एका अनोळखी माणसानं कांद्याचं पोतं तसं उचललं, तर यांनी त्याला ते खाली ठेवायला लावलं. त्याचा भाऊ बाह्या सरसावत आला. थोड्या वेळानं पाहतो तर दोघे भाऊ पाय फाकवून, पाठ सरळ ठेवून तेच पोतं पुन्हा पुन्हा उचलताहेत आणि साडू शेजारच्या भेळवाल्याला त्यांच्या चुका समजावून सांगताहेत. माझ्या पुतणीच्या लग्नात मी पंगतीतून जमिनीला हात टेकून उठलो, तर समोरच्या रांगेतून हे ओरडले, "गुरुजी, हात कावून टेकला?" सगळा मांडव माझ्या हाताकडे पाहू लागला. नवरदेवाकडे कुणी पाहीना.

साडू आमच्या गावच्या दूध संस्थेत शिपाई. जन्म गेला दुधाचे कॅन टेम्पोत चढवण्यात. दुष्काळ पडला, गुरं छावणीत गेली, दूध आटलं आणि संस्थेची शेड ओस पडली. चावी साडूंकडे. त्यांनी गळके कॅन वाळूनं भरले आणि शेडमध्ये 'फेरा' मांडला. दोन हातांत दोन कॅन घेऊन टाकीपर्यंत जाऊन यायचं, मग वाळूचं पोतं खांद्यावर घ्यायचं, मग दोरानं ट्रॅक्टरचं टायर ओढायचं, मग मांडी घालून बसायचं आणि हात न टेकता उठायचं. शेवटी टेम्पो भरायच्या उंच ओट्याला लावलेल्या फळीवरून डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन चढायचं आणि उतरायचं. मधे दम खायचा नाही. असे तीन फेरे. बीडला जिम चालवणारा एक पोरगा हे पाहून म्हणाला, काका, याला सर्किट ट्रेनिंग म्हणतात. साडूंना त्याचाही राग आला. इंग्रजी नाव पडलं की उद्या याची फी लागेल, असं त्यांचं म्हणणं. ग्रामपंचायतीनं कोरड्या टाकीखाली हिरवी-पिवळी व्यायामाची यंत्रं बसवली होती, त्यांच्याकडे तर ते बघतही नसत. त्या यंत्रांवर लोक टँकरची वाट बघत बसायचे.

हा फेरा होता दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायांसाठी. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, हेच त्यांचं सहा महिन्यांचं काम. पहाटे टँकर यायच्या आत पंधरावीस जणी पदर खोचून शेडमध्ये हजर असायच्या. मी एकदा त्यांना म्हणालो की बायांना आधीच कामं कमी आहेत का, वर हा व्यायाम कशाला. साडू माझ्याकडे असे पाहत राहिले, की मला शाळेतली माझीच नजर आठवली.

"कारखान्यावर उसाला काटा हाय, गुरुजी," ते म्हणाले. "बाईच्या कंबरंला न्हाई. ती मोडूस्तोवर कुनाला कळत न्हाई."

आता माझी गोष्ट, आणि ती सांगताना आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. संस्थेची वार्षिक सभा होती. चेअरमन खुर्चीवर, आम्ही सभासद सतरंजीवर, आणि मागे भजी तळली जात होती. सचिव ठराव वाचत होते, म्हणजे नुसते ओठ हलवत होते. प्रत्येक ठरावाला आम्ही "मंजूर" म्हणत होतो. हातातल्या विषयपत्रिकेवर पाचवा ठराव शेड वर्षभरासाठी चेअरमनच्या जावयाला सिमेंटच्या गोदामासाठी देण्याचा होता. मी भज्यांकडे बघत सगळ्यांत मोठ्यानं "मंजूर" म्हणालो. बाया सभासद नव्हत्या, म्हशी नवऱ्यांच्या नावावर होत्या. साडू नोकर, त्यांना बोलायचा हक्क नव्हता. ते चहाचा ट्रे घेऊन माझ्यामागेच उभे होते. मला वाटलं, आता हा माणूस सभेत आकांडतांडव करणार. ते नुसतं "चहा घ्या" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते रागावले नाहीत, आणि मी तो कप न पिताच ट्रेमध्ये परत ठेवला.

दुसऱ्या पहाटे दारात खडखडाट झाला. गळके कॅन, पोतं, टायर आणि सगळ्या बाया माझ्या अंगणात. विचारायची पद्धत साडूंना ठाऊकच नाही. मला त्यांनी रांगेत पहिलं उभं केलं. पण अंगणात ओटा नव्हता, त्यामुळे फळीचा सराव तेवढा राहिला. बाया तशाच तोडीला गेल्या. त्या हंगामात आमच्या शेजारची सून मोळीसकट फळीवरून खाली आली. परतली ती कंबरेला पट्टा बांधून. साडूंनी मला हे सांगितलं नाही, तिच्या सासूनं सांगितलं. मला चेअरमनचा राग आला, सचिवांचा आला, भजीवाल्याचाही आला. खरा कुणाचा यायला हवा होता ते मला कळत होतं.

पुढच्या सभेत सचिवांचे ओठ पुन्हा हलू लागले. शेडचा ठराव आला तसा मी उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचा म्हणालो. चेअरमन गोड आवाजात म्हणाले, "गुरुजी, बसा की." मी बसलो नाही. पायांत ताकद होती, वर्षभराचे फेरे होते. मी त्या सुनेचं नाव घेतलं आणि नामंजूर म्हणालो. मागून एक आवाज आला, मग चार आले, मग मोजता येईनात. शेड परत मिळाली. बाहेर साडू ट्रे घेऊन उभे होते. मी कौतुकाची वाट पाहत कप उचलला.

"उठताना डावा हात टेकला तुमी," ते म्हणाले.

टेकला होता.

आता ओट्याला पुन्हा फळी लागते. ती सून मोळी उचलू शकत नाही, ती फळीचं टोक धरून उभी असते आणि चढणारीचं पाऊल वाकडं पडलं की साडूंच्याच आवाजात ओरडते. साडू पायरीवर बसून फेरे मोजतात. परवा ते उठायला लागले आणि उठता येईना. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच ओट्याला हात लावला. मी तोंड फिरवणार होतो. पण मला न रागावता दिलेला तो चहा आठवला.

"साडू, हात कावून टेकला?" मी ओरडलो.

ते लालबुंद झाले, मला नको नको ते बोलले, पुन्हा खाली बसले आणि हात छातीशी बांधून उठायला लागले. बराच वेळ लागला. बाया फेरा थांबवून बघत होत्या. मी त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो, पण हात काही पुढे केला नाही.