ढोलाकडे तोंड करून

फोन आला तेव्हा हैदराबादच्या स्टुडिओत मी बसवत असलेल्या नाचाची तालीम चालू होती. मास्टरजींच्या बायकोचा, काकूंचा फोन. एरवी त्या आधी माझं जेवण झालं का ते विचारतात. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "मंदे, मास्टर गेले गं." समोर पोरं-पोरी घामेजून उभ्या होत्या, स्पीकरवर गाणं वाजत होतं, आणि ते बंद करावं एवढंही मला सुचेना. दुसऱ्या दिवशी शूटिंग होतं, माझ्या जागी उभं राहील असं कुणी नव्हतं... मुंबईला त्यांच्या अंत्यसंस्काराला मी पोचले नाही. एकदम दहाव्याला, त्यांच्या गावी कवठे येमाईला गेले. भागवत मास्टर म्हणून सिनेमावाले त्यांना ओळखायचे. नृत्य बसवणारे, पुढे नट, पुढे दिग्दर्शक. पेपरात त्यांच्यावर जे छापून आलं त्यात हे सगळं होतं. पण त्यांच्या जिवाला कसली ओढ होती ते त्यात नव्हतं. त्यांना आपल्या गावच्या गजीच्या रिंगणात परत उभं राहायचं होतं.

गजी म्हणजे धनगरांचा नाच. मधे ढोल आणि भोवती फेटे बांधलेले, हातात रुमाल घेतलेले गडी. मास्टरजी त्यातच वाढले. ढोल त्यांचे चुलतभाऊ आप्पा वाजवायचे, वयानं बरेच मोठे. त्यांच्याच हाताखाली मास्टरजींचे पाय तयार झाले. मग ते मुंबईला गेले, हिरोच्या मागे शेवटच्या ओळीत नाचले, कुणाचे तरी सहायक झाले, आणि कधीतरी त्यांच्या वाट्याला स्वतःचं गाणं आलं. चेहरा रापलेला, उंची चांगली, त्यामुळे मधूनच खलनायकाच्या टोळीत उभं राहायची कामंही मिळायला लागली. म्हणायचे, "मार सगळेच खातात, पण तालात खाली पडणारा मी एकटाच."

मी दौंडची. नववीत शाळा सुटली, आणि ऑर्केस्ट्रावाल्यांबरोबर लग्नाच्या वरातीत नाचायला लागले. आमच्या घरी ते कुणालाच पटत नव्हतं. शिरूरला एका स्पर्धेला मास्टरजी परीक्षक होते. मला बक्षीस मिळालं नाही, पण जाताना त्यांनी विचारलं, "कुठली गं तू? घरी कोण असतं?" आणि त्याच आठवड्यात काकूंना घेऊन ते आमच्या दारात आले. वडील बोलायलाच तयार नव्हते. मास्टरजी सतरंजीवर मांडी घालून बसले, चहा घेतला आणि म्हणाले, पोरगी आमच्या घरात राहील, आमच्यात जेवंल, कामाला जाईल तिथं ही माझी बायको सोबत असंल. तेवढ्यावर माझं आयुष्य बदललं. मुंबईत सेटवर सगळे इंग्रजीत बोलायला लागले की मी मागच्या ओळीत सरकायचे. ते लांबून ओळखायचे आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं मराठीत सूचना द्यायचे, म्हणजे मग न समजणारे बाकीचे असायचे.

त्यांचं नाव झालं ते एका गाण्यानं. त्यात त्यांनी गजी घातली होती. वरातींमधून, गणपतीत, सगळीकडे लोक त्यावर नाचले. गावात पंचायतीच्या हॉलमध्ये टीव्ही लावून सगळे बघायला बसले होते, मास्टरजी मुद्दाम मुंबईहून गेले होते. गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या. आप्पा तेवढे उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "भागा, नाच झकास हाय. पर ढोलाकडं पाठ कुनी करायला सांगितली?" गजीत नाचणारा कधीही ढोलाकडे पाठ करत नाही. समोर ढोल नाही, देव आहे असं ते लोक मानतात. आणि सिनेमात सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. मास्टरजी म्हणाले, पडद्याला तसंच लागतं आप्पा. एवढंच. त्याच वर्षी बिरोबाच्या जत्रेत ते नेहमीप्रमाणे फेटा बांधून रिंगणात शिरले, आणि आप्पांनी ढोल थांबवला. कुणी वर मान केली नाही. मास्टरजी बाहेर आले, माणसांत जाऊन बसले. मग ढोल पुन्हा सुरू झाला... त्यानंतर ते एकही जत्रा चुकले नाहीत, आणि एकदाही आत गेले नाहीत. मीच बरोबर असायचे. त्यांचे पाय मांडीखाली हलत असायचे.

म्हणून त्यांनी स्वतः सिनेमा काढला तेव्हा त्यात गजी असणार हे मला माहीत होतं. एकच सिनेमा त्यांच्या हातून झाला. गावच्याच माळावर शूटिंग होतं. आप्पा नुसतं बघायला म्हणून आले, ढोल मात्र सोबत आणला होता. म्हणाले, "ह्यो कॅमेरा कुठं ठेवनार?"

"तुमच्या ढोलाला चिकटून."

"आन् पोरं?"

"तुमच्याकडं तोंड करून."

कॅमेरामन पुण्याचा होता, तो वैतागला. मातीत बसून, ढोलवाल्याच्या पायाशी, पोरं फिरतील तसं त्यानं फिरायचं होतं. मास्टरजी ऐकेनात. आप्पांनी बराच वेळ त्या सगळ्याकडे बघितलं आणि ढोल गळ्यात घातला. दिवसभर वाजवला. मला वाटलं, आता आप्पा त्यांना आत हाक मारणार. पण मास्टरजी मॉनिटरपाशी उभे आणि आप्पा रिंगणात, असंच ऊन उतरलं. पुढे सिनेमा फारसा कुणी पाहिला नाही, त्याचं मास्टरजींना काही वाटलं नाही. पुढच्या जत्रेला मी न राहवून म्हणाले, जा ना आत, आता कोण अडवतंय. तर म्हणाले, "आप्पानं बोलवायला पायजे. मी कसा जाऊ?" मग गुडघे गेले, मग छातीचं दुखणं आलं. शेवटच्या जत्रेला त्यांना खुर्चीवर बसवून नेलं होतं.

दहाव्याला नदीवरून परत आल्यावर, जेवणं झाल्यावर, आप्पांनी मला ओट्यावर बोलावलं. आता त्यांना नीट दिसत नाही. ते म्हणाले, "‘आप्पा, चुकलं’ एवढंच म्हनायचं व्हतं त्यानं. न्हाई म्हनला. मग मी बी गप." मी सांगितलं, म्हणाले होते की... शूटिंगला, पोरांची तोंडं तुमच्याकडं करून. "व्हय, तवा कळलं मला. पर तवा त्यो एवढा मोठा सायेब झाल्ता, चार गाड्या उभ्या. त्याला ये रं आत म्हनायचं कसं? मला वाटलं, यील आपला आपन." माणूस रिंगणाबाहेर खुर्ची टाकून बसला होता आणि हे आत ढोल वाजवत त्याची वाट बघत होते.

मग त्यांनी विचारलं, "तुला येती का त्याची गजी?" मी गडबडले. बाईमाणसानं गजीत उतरायची त्यांच्यात रीत नाही, आणि घरात सुतक. आप्पा म्हणाले, "ढोल न्हाई, रिंगन बी न्हाई. नाच तू." त्यांनी बोटांनी स्वतःच्या गुडघ्यावर ताल धरला, अगदी हळू. मी अंगणात पदर खोचून उभी राहिले. मास्टरजींनी माझ्या पायांत जे घातलं होतं ते निघत गेलं. फिरताना मी त्या गुडघ्यावरची नजर हलवली नाही. काकू दारात येऊन थांबल्या. संपल्यावर आप्पा म्हणाले, "असंच उभं ऱ्हायाचा त्यो. ढोलापुढं." त्यांची बोटं गुडघ्यावर तशीच होती. मास्टरजींना हे पोचलं असेल असं म्हणायचा धीर मला होत नाही. पण ते शब्द आप्पांच्या तोंडून निघाले, आणि ऐकायला आम्ही दोघी होतो.

तालमीच्या कुठल्याही हॉलमध्ये गेले की मास्टरजी आधी भिंतीवरच्या आरशावर चादर टाकायला लावायचे. मुंबईची पोरं हसायची, म्हणायची मास्टरना स्वतःचं म्हातारपण बघवत नाही. ते हसण्यावारी न्यायचे. काकूंनी निघताना ती सोलापुरी चादर माझ्या पिशवीत घातली, कडेला विरलेली. परवा इथं हैदराबादेत मी ती पहिल्यांदा आरशावर टाकली. एक पोरगा कुरकुरला, "दीदी, दिखेगा कैसे?" मी म्हटलं, आधी ऐक. पोरं एकेक करून गाणं येत होतं त्या बाजूला, स्पीकरकडे तोंड करून वळली. चादर एका कोपऱ्यातून घसरत होती, ती खोचली... आणि मीही वळले.