उघड्या लोखंडावरची बोटं

ओल्या वाळूचा वास आला की पुष्कळांना नदीकाठ आठवत असेल. मला आमची वाळूजची पत्र्याची खोली आठवते आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दाराबाहेर माझ्या वडिलांचा, अण्णांचा सदरा झटकणारी आई. त्या झटक्यासरशी उडालेली राखाडी धूळ उन्हात क्षणभर तरंगायची आणि पुन्हा आमच्याच उंबऱ्यावर येऊन बसायची. लासूर स्टेशनकडचं गाव सोडून आलेलं आमचं कुटुंब त्या एका खोलीत राहत होतं. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा, की मी पुस्तक घेऊन नळाच्या ओल्या ओट्यावर जाऊन बसायची. कामावरून आले की अण्णा घशातली धूळ उतरावी म्हणून गुळाचा खडा चघळायचे. माझ्या परीक्षेच्या दिवसांत तो खडा माझ्या हातावर पडायचा आणि अण्णा नुसतं पाणी प्यायचे.

अण्णा कारखान्यात गाडीच्या लोखंडी रिम साफ करायचे. डोक्यावर कॅनव्हासची टोपी, तिच्या काचेतून दिसेल तेवढंच जग, हातात जाड रबरी नळी. तिच्यातून दाबाच्या हवेबरोबर सुटणारी वाळू जुना रंग, गंज, तेलाचे डाग असं सगळं खरवडून काढी आणि खालून जे लोखंड निघे ते चांदण्यासारखं फिकट, मंद, जणू नुकतंच जन्मलेलं असे. मग त्यावर रंगाची कोरडी पूड उडवायची. विजेच्या ओढीनं ती सर्वांगाला चिकटते आणि भट्टीच्या धगीत वितळून त्वचेसारखी घट्ट होते. पण खरवडणं आणि पूड यांच्यामधला तो थोडासा काळ फार नाजूक; बोटाचा घाम लागला तरी रंगाखाली गंज धरतो. अण्णा म्हणायचे, "आत्ता न्हाऊ घातल्यालं लेकरू हाय ते. उघड्या हातानं शिवायचं नाय." इतक्या वर्षांत त्यांनी हातमोज्याशिवाय एकाही रिमला हात लावला नव्हता. हीच त्यांची इस्टेट.

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि त्याच कारखान्यात माल तपासायला लागले. अभिमान होता मला, नाही कशाला म्हणू? अण्णांनी साफ केलेल्या रिमवर आता माझी सही होत होती. सगळ्यांच्या देखत ते मला म्याडम म्हणायचे, आणि हसू लपवायला तोंडावर गमछा धरायचे.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला झेंडूच्या आणि उदबत्तीच्या वासानं भट्टीचा जळका वास झाकून गेला होता. शेठ म्हणाले, यंत्रांना कुंकू आपल्या शिकलेल्या लेकीच्या हातानं लागू द्या. मी ताट घेऊन फिरले. कॉम्प्रेसर, भट्टी, पुडीची बंदूक. शेवटी आकड्यांना टांगलेल्या, सकाळीच साफ केलेल्या रिम दिसल्या. इतक्या देखण्या, की हात आवरेना. ओलं बोट कुंकवात बुडवून मी पहिल्या पाच रिमांना एकेक टिळा लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी वाजवल्या नाहीत, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "त्या पाच पुन्हा वाळूनं मारून घेतो, बाई. लई येळ नाय लागायचा." ट्रक दारात उभा होता. मी थिनरचा फडका फिरवून टिळे पुसलेच होते आणि पुसलं की गेलं, असं माझ्या पदवीला वाटत होतं. गरज नाही, मी बघितलंय, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते गेले. त्या पाचही रिमांवर तशीच पूड चढली आणि माल ट्रकमध्ये गेला.

हिवाळ्याच्या अखेरीस त्या पाच रिम परत आल्या. चकचकीत रंगाखाली प्रत्येकीवर एकेक फोड होता आणि फोडाखाली बोटाएवढा लालसर गंज. पाचही जागा मी डोळे मिटून दाखवल्या असत्या. खंडेनवमीचे टिळे एव्हाना कुणाच्याच ध्यानात राहिले नव्हते; शेठनी विचारलं, हात कुणाचा लागला? माझी नोकरी कायम होण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी त्या कागदाकडंच बघत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "माझाच लागला आसंल, शेठ. वय झालं."

माल परत आल्याच्या वहीत कारणापुढं अण्णांचं नाव लिहिलं गेलं. त्यांची टोपी खुंटीवर गेली आणि त्यांना गाडी भरायच्या कामावर टाकलं. महिन्याभरात माझा कागद आला. आईनं शिरा केला. अण्णांनी दोनदा घेतला. मी मनाची समजूत घालायची, की धुळीतून सुटले, छातीला बरंच झालं. ते खरंही होतं. त्यांचा खोकला कमी झाला होता. खऱ्या गोष्टीच्या आडोशाला किती दिवस लपता येतं, हे मला तेव्हा कळलं. बाकीचे त्यांना चिडवायचे, मामा, हात सांभाळा, आणि ते हसायचे. खुंटीवरच्या टोपीच्या काचेवर धूळ साचत गेली आणि रोज तिच्यासमोरून जाताना मी घड्याळात बघायची.

पुन्हा खंडेनवमी आली. पुन्हा शेठनी ताट माझ्या हाती दिलं. कुंकवात बोट बुडवलं आणि ते तिथंच राहिलं. गाडीपाशी उभे असलेले अण्णा माझ्याकडं नाही, माझ्या बोटाकडं बघत होते. तेव्हा लक्षात आलं, की फोड माझ्या बोटाच्या मापाचे होते हे त्यांनी पहिल्या नजरेतच ओळखलं असणार. त्यांच्या अंगठ्याखाली तसले दोन मावले असते.

"शेठ, मागल्या वर्षीची बोटं माझी होती," मी म्हणाले. "अण्णांनी सांगूनही मी ऐकलं नाही."

 शेठ उदबत्तीकडं बघत म्हणाले, "वर्षभर गप बसलीस, पोरी." मी ताट खाली ठेवलं. 

अण्णांनी टोपीची काच गमछ्यानं पुसली, ती डोक्यावर चढवली आणि ते आत गेले. एकच रिम मारली. दोन्ही हातमोज्यांत धरून बाहेर आणली, माझ्यासमोर उजेडात फिरवली आणि म्हणाले, "बघा म्याडम. शिवू नका."

त्यांनी मला माफ केलं की त्यांच्या लेखी तसं काही करायचंच नव्हतं, हे मी विचारलेलं नाही. त्या वहीत मात्र आता अण्णांच्या नावावर रेघ आहे आणि पुढं माझ्या अक्षरात माझं नाव आहे.